झाकणाखालची करी

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्या,

शि. सा. न. वि. वि. आतोबांना वेगळा नमस्कार, नाहीतर ते म्हणतील, आमच्या वाटणीचा कुठे गेला.

आधी चूक दुरुस्त करते, मग ख्यालीखुशाली. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्याकडे तीन करींची तुलना झाली, त्यात तुझी करी हॉटेलची करी म्हणून ठेवली होती आणि ती शेवटी आली. शेवटी आली हे खरं. हॉटेलची म्हणून ठेवली होती, हे साफ चुकीचं.

आमच्या कामाची पद्धत तुला कधी नीट सांगितलीच नव्हती, म्हणूनही घोटाळा झाला असेल. सुपरमार्केटच्या थंड कपाटात तयार जेवणाचे डबे असतात ना, ते विकायला जाण्याआधी आम्ही सहाजणी चाखतो. प्रत्येकीला कपाटाएवढा एक कप्पा. आत लाल दिवा, म्हणजे करीच्या रंगावरून मत बनू नये. त्या उजेडात सगळ्या करी डांबरासारख्या दिसतात. समोरच्या झडपेतून वाटी सरकते, तिच्यावर नाव नाही, नुसता आकडा. दोन चमचे खायचे, मत लिहायचं, पाणी प्यायचं, कोरडं बिस्कीट चावायचं, की पुढची वाटी. त्या दिवशी एक वाटी आमच्या डब्यातली होती, एक हॉटेलची, एक पार्सलची. तिसऱ्या वाटीत कडेने करपवलेला कांदा जिभेला लागला आणि माझा चमचा हातातच राहिला. तसा कांदा तुझ्याशिवाय कुणी करपवत नाही. ओळखलं म्हणून मी त्या वाटीला मत दिलं नाही, आणि का दिलं नाही तेही लिहून दिलं. बाकी पाचजणींनी तिला शेवटी टाकलं.

तुमचं हॉटेल, म्हणून ती हॉटेलची वाटी, असं मी धरून चालले. वाट्या गरम करणाऱ्या काकांनी काल सांगितलं की हॉटेलच्या करीसाठी एका मोठ्या हॉटेलचा आचारी बोलावला होता. तो आमच्या भिंतीपलीकडेच रांधत होता. कढईतून वाटीत आणि वाटीतून आमच्या तोंडात. तुझी करी होती ती पार्सलची. घट्ट झाकण लावून, दोन तास गाडीतून आलेली आणि आल्यावर पुन्हा तापवलेली. म्हणजे तुझ्या टेबलावरची करी आम्ही चाखलेलीच नाही. जे चाखलं नाही त्याबद्दल मी तुला लिहून बसले. काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून काळजी वाटते. फोन करणार होते, पण फोनवर मी रडते, तू ओरडतेस आणि तिकडे कढई लागते. त्यापेक्षा पत्र बरं.

रागावली असलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
चिमूट

 

शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. चिमूट हिला आत्याचे भरपूर आशीर्वाद.

रागावले नाही. पत्र गल्ल्याशी उभी राहून वाचलं, घडी करून पदराखाली ठेवलं आणि दुपारच्या गिऱ्हाइकांना वाढायला गेले. उत्तराला उशीर झाला तो दुसऱ्या कारणाने.

तुझी दुरुस्ती पोचली. पण बाई, टेबलावरची काय आणि पार्सलची काय, आपली कढई एकच. डावाने ताटात वाढलं तर टेबल, डब्यात ओतलं तर पार्सल. एकीला शेवटचा नंबर मिळाला तर दुसरीला पहिला कसा मिळेल? तू लहानपणी चिमूटभर मीठ म्हणजे किती दाणे असं विचारून माझं डोकं खायचीस, म्हणून तुझं नाव चिमूट पडलं. अजूनही तसंच मोजतेस.

आता खरं कारण. उन्हाळ्यात मला ताप आला होता, तेव्हापासून मला वास येत नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच बॅग भरली असतीस. खारट, तिखट, आंबट जिभेला कळतं. बाकी सगळी भिंत. पातेल्यातलं दूध नासलेलं मला कळलं नाही, आतोबांना गल्ल्यावर बसून कळलं. तेव्हापासून मी डोळ्यांनी आणि कानांनी रांधते. तेल सुटलेलं दिसतं, कांद्याचा आवाज बदलतो तो ऐकू येतो. म्हटलं, इतकी वर्षं केलंय, हात चुकणार नाही. तर तुझं पत्र आलं. शेवटचा नंबर. मला वाटलं, चला, ज्याची भीती होती ते झालं.

परवा एका नेहमीच्या माणसाने अर्धं ताट तसंच टाकलं. बँकेतला तो, कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. पैसे दिले, मान हलवली आणि गेला. मला विचारायचा धीर झाला नाही.

शेजारचे औषधवाले आपली गिऱ्हाइकांची बसायची खोली भाड्याने मागतायत. त्यांना दुकान वाढवायचंय. स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची खिडकी आपल्याला राहील, तिथून पार्सल द्यायची. आतोबा म्हणतात, ताटं उचलायची कटकट गेली. मी म्हटलं, पहिल्या तारखेला सांगते. तसं मनात ठरलंच आहे. टेबलाशी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचं आता होत नाही. पार्सल नेणाऱ्याचं तोंड दिसत नाही.

वेळेवर जेवत जा. दोन-दोन चमच्यांनी पोट भरत नाही.

तुझी
आत्या

 

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखर जमिनीवर डोकं टेकवून.

पत्र वाचून बॅग भरली. मग वाटलं, नुसती येऊन काय करणार, तुझ्याशेजारी उभी राहून रडणार. बॅग रिकामी केली. तू म्हणतेस कढई एकच, मग नंबर दोन कसे. तेच आधी तपासायचं ठरवलं.

काल संध्याकाळी आमच्या गल्लीच्या टोकाच्या छोट्या हॉटेलात गेले. टेबलावर बसून कोंबडीची करी मागवली आणि पूर्ण खाल्ली, भातासकट. त्याच करीचं पार्सल घेतलं आणि मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आले. कंपनीचा डबा जातानाच विकत घेतला होता. दोन्ही गरम करून मांडले. घरमालकीणबाई वासाने वर आल्या. पाहुणे येणार आहेत का म्हणाल्या. नाही, मी अभ्यास करतेय म्हटल्यावर समोरची खुर्ची ओढून अभ्यासाला बसल्या आणि पार्सल जवळजवळ संपवलं. त्यामुळे पार्सलबद्दलचं माझं मत पाच-सहा घासांवरचं आहे, हे आधीच सांगते.

डब्यातल्या करीचा पहिला घास छान लागतो, खरंच. थोडी गोड, थोडी खारट, लगेच जीभ पकडते. दुसराही तसाच, दहावाही तसाच. सगळ्या माणसांशी एकाच आवाजात गोड बोलणारी एखादी बाई असते ना, तशी. मध्यावर आल्यावर मला थांबावंसं वाटलं. हॉटेलातल्या करीचा पहिला घास उलट जरा बोचला. मग कांदा आला, मग मिरी, ताटाच्या तळाशी भात मुरला तेव्हा काही वेगळंच. शेवटचा घास मी बोटाने पुसून खाल्ला. आम्ही दोन चमचे खाऊन नंबर देतो, आत्या. दोन चमच्यांत गोडबोली जिंकते. पूर्ण ताट खायला लावलं तर कोण जिंकेल, हे आमच्याकडे कुणी कधी बघितलेलं नाही.

आणि पार्सल. तीच कढई, तोच आचारी, तरी ओळखू येईना. झाकण उघडलं तर आतून पाण्याचे थेंब ठिबकत होते. कोंबडी मऊ होऊन धाग्यांसारखी सुटत होती, वरची फोडणी विझलेली, कोथिंबीर काळी. माझ्या लक्षात आलं ते असं: झाकणाखाली करी शिजतच राहते. तू पदार्थ पूर्ण करून झाकण लावतेस, आणि पुढचे दोन तास तुझ्यामागे कुणीतरी तो पुन्हा शिजवत राहतं. तुझी करी पडली नाही, ती जास्त शिजली.

कंपनीचा डबा मात्र घरी पुन्हा तापणार, हे धरूनच बनवलेला असतो. कसा, ते मी लिहिणार नाही, कारण नोकरी लागली तेव्हा आतलं बाहेर सांगणार नाही म्हणून सही केली आहे. झाकणाचं तरी सांगावं का, हाही प्रश्न पडला. आमच्या मोठ्या बाईंना जाऊन विचारलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. वाफेवर कंपनीचा हक्क नाही म्हणाल्या, आत्याला खुशाल कळवा.

तेव्हा कळवते. पार्सलची कोंबडी जरा आधी उतरव. फोडणी छोट्या डबीत वेगळी दे, घरी गरम करून ओतायला सांग. आणि हात जोडून विनंती, बसायची खोली देऊ नकोस. तू जे ठेवणार आहेस तिथे तू हरतेस, आणि जे देऊन टाकणार आहेस तिथे कदाचित जिंकतेस. कदाचित म्हणते, कारण तुझ्या टेबलावर मी वर्षभर जेवलेले नाही.

मायेने वाचावं, चुकलं तर कान धरावा.

चिमूट

 

शनिवार, १५ नोव्हेंबर

चि. चिमूटला आशीर्वाद, आणि घरमालकीणबाईंना माझा नमस्कार. बाई कामाची दिसते.

तुझं पत्र आतोबांनी मोठ्याने वाचलं आणि लगेच उठले. एकाच कढईतली करी एक ताटात वाढायला लावली, एक डब्यात. ताटातली बसून जेवले. डबा स्कूटरला लटकवून बाजाराला वळसा घालून आले आणि आपल्याच पायरीवर बसून आपलंच पार्सल उघडलं. येणारे-जाणारे थांबून विचारायला लागले की बायकोने आत घेणं बंद केलं का. आतोबा म्हणाले, ताटातली करी म्हणजे भांडण आणि पार्सल म्हणजे भांडणानंतरची समजूत. जीव भांडणातच होता.

मग मी तुझ्या सांगण्यावरून कोंबडी लवकर उतरवली आणि फोडणी वेगळ्या डबीत दिली. पुन्हा स्कूटर. या वेळी आले ते डबा चाटूनपुसूनच. तेव्हा तुझं म्हणणं खरं. दोन दिवस सगळी पार्सलं तशीच देतेय. समोरची शिवणकामवाली सांगून गेली की डबीतली फोडणी ओतल्यावर तिची सासू उठून स्वयंपाकघरात आली. एरवी ती बोलावल्याशिवाय हलत नाही म्हणे.

पण चिमूट, नाक माझं नाहीच ना. मसाला भाजताना तो कधी उतरवायचा हे मी आता अंदाजाने करते. काल जिरं काळं पडलं, रंग बदलल्यावर कळलं, तोवर उशीर झाला होता. सगळं ओतून दिलं. आतोबांना नाक म्हणून उभं केलं, तर त्यांना सगळंच छान लागतं. लग्न झाल्यापासून त्यांनी एकदाही वाईट म्हटलेलं नाही, आता म्हणायला शिकणार कसे? टेबलावरची करी जिंकेल असं तू म्हणतेस, ती तापाआधीची. आत्ताची कशी आहे ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही.

औषधवाल्यांनी खोली मोजून नेली. फळ्या कुठे मारायच्या त्याच्या खडूच्या खुणा भिंतीवर आहेत. ते रोज दुपारी त्याच खोलीत जेवतात. आतोबांनी विचारलं की खोली घेतल्यावर जेवाल कुठे. त्यांनी आणखी भात मागून घेतला.

जिवाला लावून घेऊ नकोस. हे सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

आत्या

 

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्या,

कृ. सा. न.

माझ्या शेजारच्या कप्प्यात बसणाऱ्या ताईंचं नाक दोन वर्षांपूर्वी असंच तापात गेलं होतं. त्यांची तर भाकरीच नाकावर. डॉक्टरांनी सराव सांगितला: चार बाटल्या, चार ठळक वास, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायची आणि तो वास कसा होता ते मनाने आठवायचं. कित्येक महिने काही नाही. मग एका सकाळी लवंग आली, कुणीतरी लांबून हाक मारल्यासारखी. आज त्या आमच्यातल्या सगळ्यांत तिखट नाकाच्या आहेत. सगळ्यांचं येतंच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं, म्हणून मीही सांगते. तू डॉक्टरांना दाखव आणि सराव सुरू कर. लिंबाची साल, लवंग, वेलची, मिरी. घरात आहेच सगळं.

आणि त्या अर्ध्या ताटाचं. तू विचारलं नाहीस, म्हणजे कारण तुला माहीत नाही. माहीत नाही तिथे तू स्वतःला दोषी धरतेस. हा गुण माझ्यात कुठून आला ते आत्ता कळलं. आतोबांना विचारायला सांग.

मला येऊन तुझ्या कढईशी उभं राहावंसं वाटतं. तुझं नाक परत येईपर्यंत माझं वापर. पण आमच्याकडे नियम आहे: विकण्यासाठी रांधणाऱ्या माणसाला चाखायच्या कप्प्यात बसता येत नाही. म्हणजे रजा मागावी लागेल, आणि मोठ्या बाई नाही म्हणाल्या तर नोकरी सोडावी लागेल. विचार करतेय. विचार करायला लागले की जेवण जात नाही, म्हणून जेवून करतेय.

माया असू दे.

चिमूट

 

शनिवार, २२ नोव्हेंबर

चि. चिमूट, खूप आशीर्वाद.

या वेळी लिहितोय मी, तुझे आतोबा. आत्याला सांगितलंय की मालाची यादी करतोय. तू जे सांगितलंस ते केलं, आता मी सांगतो ते ऐक.

बँकवाल्याला गाठून विचारलं. त्याची दाढ काढली होती. एका बाजूने चावून कंटाळला, म्हणून उठला. दुखण्यावरच्या गोळ्या त्याने आपल्याच औषधवाल्याकडून घेतल्या होत्या, म्हणजे त्या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि रोज समोर जेवूनही बोलला नाही. आत्याला हे सांगितल्यावर ती आधी हसली, मग मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी स्वच्छच होती.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनीही सरावाचंच सांगितलं. चार बाटल्या खिडकीत मांडल्यात. सकाळी ती डोळे मिटून हुंगत असते आणि मी श्वास धरून उभा असतो, जसा काही वास मीच अडवला आहे. अजून काही नाही.

तू नोकरीवर पाणी सोडून येऊ नकोस, असं ती रोज म्हणते. कळवलं. आता माझं. पोरी, ती कढईशी एकटी पडली आहे. मी तिला छानच म्हणणार, तिला माहीत आहे. तिला खरं बोलणारं माणूस हवंय. तुझ्या त्या शेवटच्या नंबराच्या पत्रावर ती रडली, पण त्याच पत्रावर तिने विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणी तसं लिहिलं असतं तर तिने ते पत्र चुलीत घातलं असतं.

औषधवाल्याला सोमवारी, एक तारखेला सांगायचंय. ती अजून हो-ना करतेय. आधी नुसतं हो होतं, एवढी प्रगती आहे.

तुझ्यावर हक्क आहे म्हणून लिहिलं.

आतोबा

ता. क. स्कूटर नीट चालते. स्टँडवर घ्यायला येऊ शकतो.

 

मंगळवार, २५ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्या आणि आतोबा,

दोघांना एकत्र नमस्कार, कारण मालाची यादी माझ्यापर्यंत पोचली.

मोठ्या बाईंना भेटले. सगळं सांगितलं: कांदा ओळखला तो, झाकण, तुझं नाक, आतोबांची स्कूटर. त्यांनी ऐकून घेतलं. बिनपगारी रजा फेब्रुवारीअखेरपर्यंत देता येईल म्हणाल्या. परत आल्यावर हाच कप्पा मिळेल याची हमी देता येत नाही, असंही म्हणाल्या. मी विचारलं, तसं कागदावर मिळेल का. हमी नाही हे कागदावर कशाला हवं, म्हणाल्या, आणि पुन्हा चष्मा पुसला. मी रजेचा अर्ज दिला.

आत्या, तू रागावशील, म्हणून तुझे सगळे मुद्दे मी आधीच मांडून बघितले. पगार बुडेल: हो. नोकरी जाऊ शकते: हो. लोक म्हणतील एवढी शिकून पुन्हा कढईशी आली: म्हणू देत, शिकले कुठे होते, तुझ्याच कढईशी ना? मला करपलेला आणि करपवलेला कांदा यातला फरक कळतो, तो काही लाल दिव्याखाली कळलेला नाही.

मी काय करीन तेही सांगते, म्हणजे तुझ्या मनात शंका नको. मी तुला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलणार नाही. आल्या आल्या टेबलाशी बसेन, इतर गिऱ्हाइकासारखी. दोन चमचे नाही, पूर्ण ताट जेवेन, तळापर्यंत. मग उठून स्वयंपाकघरात येईन आणि जे असेल ते सांगेन. कमी असेल तर कमी. मसाला लवकर उतरत असेल तर तो कधी उतरवायचा ते तुझ्या शेजारी उभी राहून सांगेन, तुझं नाक येईपर्यंत, आणि आलं नाही तर त्यानंतरही काहीतरी सोय लावू. चांगली असेल तर चांगली म्हणेन, आणि तेव्हा तुला ते मानावं लागेल, कारण वाईट म्हणायची माझी हिंमत तू एकदा बघितली आहेस.

औषधवाल्यांना त्या आधी काही सांगू नकोस. त्यांनाही त्याच पंगतीला बसव. खोलीचा निर्णय तुझा, त्यात मी बोलणार नाही. फक्त तो माझं ताट रिकामं झाल्यावर घे.

आतोबा, स्टँडवर यायला हरकत नाही, पण डबा लटकवून येऊ नका. यायच्या आधी काही खाणार नाही, बिस्कीटसुद्धा नाही.

जीव लावलात, तो असाच राहू दे. शुक्रवारी इथलं काम संपतं, शनिवारी खोली आवरते, आणि तुझ्या टेबलाशी जेवायला बसते ती रविवारी, ३० नोव्हेंबरला, दुपारी.

तुझी
चिमूट